माग चालू ठेवूनच शिकवा

प्रश्न : ताई, आमचं इंटरनेट दुपारी घोड्यासारखं पळतंय आणि संध्याकाळी लंगडायला लागतंय. राउटर नवीन घेऊ काय?

उत्तर : घेऊ नका. आधी सांगा, ठेवलाय कुठं? फ्रिजवर? खाली काढा तो. पत्रा, आरसा आणि पाण्याची टाकी, यांच्याशी राउटरचं पटत नाही. भिंतीवर खांद्याच्या उंचीला टांगा. आणि संध्याकाळी अख्खी गल्ली घरी येते, सगळ्यांचे राउटर एकाच चॅनेलवर बोलायला लागतात. लग्नाच्या पंगतीत कुणाचं कुणाला ऐकू येतं का? चॅनेल बदला. पुढचा प्रश्न.

प्रश्न : कॉम्प्युटर चालू केला की नुसता बीप-बीप करतोय. पडदा काळाच.

उत्तर : रॅमची पट्टी हललीय. वीज बंद करा, पट्टी काढा, तिची सोनेरी कड पेन्सिलीच्या रबरानं पुसा आणि टच्च आवाज होईपर्यंत परत दाबून बसवा. तुमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत ना? मग हलणारच. पुढचा प्रश्न.

इचलकरंजीत दिवेलागणीला घराघरांत हा आवाज असायचा. रेवती हावळ आपल्या दुकानातूनच ‘अडलंय कुठं?’ हा रेडिओवरचा कार्यक्रम चालवायची. एक टेबल, एक माइक, मागे उघड्या पडलेल्या यंत्रांचा ढीग. गावातली माणसं फोन करायची, रेवती त्यांना झटकन उत्तर द्यायची आणि पुढच्याकडे वळायची. शंभर मैलांवरच्या कंपनीचं हेल्पलाइनवालं यंत्र गोड बोलून तासभर घोळवत ठेवी. रेवती गोड बोलत नसे, पण तिच्या उत्तरानं काम होई. लोकांनी तिच्यावर विश्वास टाकला होता, तो असा साधा, रोजच्या वापरातला.

त्या विश्वासाचंच पुढे काय झालं, ते सांगायचं आहे.

प्रश्न : ताई, आमच्या ‘चाहूल’नं काल ॲम्ब्युलन्स बोलावली. घरात एक अनोळखी माणूस आहे आणि त्याचं काळीज जोरात धडधडतंय, असं म्हणाली. घराला कुलूप! ॲम्ब्युलन्सवाल्यानं कुलूप तोडलं. आत कोणी नाही. आता काय करू?

याचं उत्तर कळायला ‘चाहूल’ म्हणजे काय ते कळायला हवं.

राउटरच्या लहरी खोलीभर पसरतात, भिंतींवर, भांड्यांवर, माणसांवर आपटून परत येतात. माणूस श्वास घेतो तेव्हा त्याची छाती जराशी वर येते. काळीज ठोका देतं तेव्हा कातडी त्याहूनही कमी, केसभर हलते. परत येणाऱ्या लहरीत या हालचालींचा माग राहतो. कॅमेरा नको, अंगावर पट्टा नको. भिंतीवरच्या राउटरलाच घरात कोण जिवंत आहे ते कळतं. नुसती हालचाल मोजली तर मांजरही माणूस ठरेल आणि पंख्यालाही जीव फुटेल, म्हणून ‘चाहूल’चा नियम असा, की श्वास आणि ठोका जोडीनं सापडले तरच माणूस. मग तुमच्या फोनवर ठिपका उमटतो. हिरवा म्हणजे माणूस घरात आहे, बरा आहे. लाल म्हणजे धोका, ॲम्ब्युलन्स निघाली. करडा म्हणजे घर रिकामं.

हे राउटर आले आणि गावातल्या सवयी बदलल्या. “आई, जेवलीस का?” असा फोन लावणारे लोक ठिपका बघून खिशात फोन टाकू लागले. कुणी कुणाला वाईट म्हणालं नाही. उलट म्हातारी माणसं सांगायची, पोरगं दिवसातनं दहा वेळा बघतं मला.

फक्त एक होतं. हा राउटर लावताना त्याला घर शिकवावं लागे. सगळ्यांनी बाहेर जायचं, त्यानं रिकाम्या घराचा कानोसा घ्यायचा, रिकामं म्हणजे कसं ते पाठ करायचं. लोक हे काम माग बंद असतात त्या सुट्टीदिवशी उरकत. दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले की भिंती थरथरायच्या, पत्रा थरथरायचा, फळीवरचे पितळी डबे मागाच्या ठेक्यात नाचायचे. जुन्या मागाचा ठेका मिनिटाला सव्वाशे-दीडशेच्या घरातला. घाबरलेल्या माणसाचं काळीजही त्याच चालीनं धावतं. वर पंखा श्वासासारखा डुलत असला, की चाहुलीला फळीवर धापा टाकणारा माणूस दिसायचा.

उत्तर : सोपं आहे. सुट्टीदिवशी शिकवू नका. माग चालू ठेवूनच शिकवा. म्हणजे त्याला कळेल, की हा ठोका घराचाच आहे. तो पुसून टाकेल. पुढचा प्रश्न.

एवढंच. दोन घोट चहाच्या मधे दिलेलं उत्तर.

गावभर खोटे गजर थांबले. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी दुकानात पेढे आणून दिले. पुढच्या महिन्यात कंपनीचा माणूस आला, त्यानं सगळं नीट विचारून घेतलं, आणि पुस्तिकेत नवीन ओळ छापून आली : यंत्रमाग असलेल्या भागात माग चालू ठेवूनच शिकवा. शब्दन्‌शब्द रेवतीचा. तिनं ते पान टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

*

आक्काताई मगदूम गेल्या त्या दिवशी कडक ऊन होतं.

आक्काताई तात्या चौगुल्यांच्या माग-शेडच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. त्यांचा मुलगा सुकुमार रेवतीच्या वर्गातला. आता सायझिंगच्या कारखान्यात सुताला खळ चढवायच्या खात्यावर होता. त्यानं गावाबाहेर फ्लॅट घेतला, पण आई काही हलली नाही. “मागाच्या आवाजाबिगर मला झोप लागत न्हाई,” म्हणायची. म्हणून त्यानं चाहूल लावून घेतली. रेवतीनं स्वतः जिना चढून ती भिंतीवर बसवली होती आणि माग चालू ठेवूनच शिकवली होती.

सांत्वनाला रेवती फ्लॅटवर गेली तेव्हा सुकुमार खुर्चीत ताठ बसला होता.

“सकाळी नऊच्या सुमाराला ठिपका करडा झाला बघ,” तो म्हणाला. “मला वाटलं, गेली असंल मंदिरात. दुपारी परत बघितलं, करडाच. म्हटलं कुणाकडं तरी शेवया करायला बसली असंल, तिला काय कमी मैत्रिणी हायत? संध्याकाळी गेलो तर ही अशी.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“हार्ट. वेळ त्यांनी ठिपक्यावरनंच लिहिली, सकाळी नऊ. आता तसंच लिहितात म्हणे. एकदम गेली, रेवती. कळलं बी नाही तिला.” मग जरा थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखा तो म्हणाला, “अंग गरम होतं अजून. पत्र्याची खोली ना. तापलेली.”

“होय,” रेवती म्हणाली.

“तेवढंच एक समाधान. तडफडली न्हाई.” त्यानं खिशातून किल्ली काढली. “ते यंत्र काढून घेऊन जा. कुणाला तरी दे. मला बघवत नाही.”

*

रेवती दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेली. खाली माग खडखडत होते. एका हातात छोटी शिडी, दुसऱ्या हातात पिशवी, लोखंडी जिना उंच. वर पोचेपर्यंत तिला चांगलाच दम लागला. खोली तशीच होती. पलंग, फळीवर डबे, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. यंत्र काढण्याआधी त्यातली माहिती पुसायची म्हणून तिनं फोनवर चाहूल उघडली.

ठिपका करडा. घर रिकामं.

ती खोलीच्या मधोमध उभी होती.

आधी तिला वाटलं, यंत्र बिघडलं. तिनं ते बंद केलं, थोडं थांबून चालू केलं, हजार लोकांना सांगितलं तसं. तोवर तिचा दम ओसरला होता. ठिपका हिरवा झाला. ठीक आहे, असं म्हणून ती पिशवी उघडायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

मग ती खाली गेली आणि जिना पळत चढली. परत उतरली, परत चढली. मनगटावरच्या घड्याळात काळजाचे ठोके दिसत होते. एकशे साठच्या पुढं गेले तेव्हा ठिपका हिरवा. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आकडा उतरू लागला. दीडशेच्या जवळ आला आणि ठिपका करडा झाला. खाली मागाचा ठेका, वर तिच्या कानात तिचं काळीज, दोन्ही एका चालीत. एकशे चाळीस. करडा. एकशे तीस. करडा. “आहे ना मी,” ती मोठ्यानं बोलली. आकडा सव्वाशेच्या खाली गेला, आणि चाहुलीनं तिला पुन्हा माणसांत घेतलं.

यात गूढ काही नव्हतं. तात्यांच्या शेडमधले माग सगळे एकाच वेगाचे नव्हते, कुणी जरा पुढं, कुणी जरा मागं. म्हणून यंत्रानं एक ठेका पुसला नव्हता, सव्वाशे ते दीडशेचा अख्खा पट्टाच पुसला होता. त्या पट्ट्यात कुणाचं काळीज शिरलं की ते मागात जमा. ठोका सापडला नाही की जोडी तुटली, आणि एकटा श्वास म्हणजे पंखा. काळजाचा एक आजार असतो, त्यात ठोके तासन्‌तास नेमके या वेगात अडकून पडतात. म्हणजे माणूस बरा असताना यंत्राला दिसणार, आणि जीव धोक्यात आला की दिसेनासा होणार.

ती खाली आली. तात्या चौगुले मागाशेजारी वाकून तुटलेला धागा जोडत होते.

“तात्या, आक्काताई गेल्या त्या दिवशी तुम्ही इथंच होता?”

“मग कुठं जातोय? माग सोडून सासुरवाडीला?” त्यांनी हात पुसले. “का गं?”

“वरनं काही आवाज?”

तात्या तिला बाजूला, सुताच्या गोण्यांपाशी घेऊन गेले. “जेवायला बसलो होतो. दुपारची गोष्ट. वर कायतरी आपटत होतं. डबा आपटावा तसं. थांबायचं, परत. सुकुमारनं माझ्या फोनवर बी ते बसवून दिलंय, शेजारी म्हणून. बघितलं तर घर रिकामं. म्हटलं, मांजर असंल.”

तात्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ते हळूहळू गोणीवर बसले.

“मांजर नव्हतं काय?”

“नव्हतं, तात्या.”

“अगं, एकवीसच पायऱ्या हायत,” तात्या म्हणाले. “जेवण बी मी सावकाश केलं.” मग एकदम तिचा हात धरून, “सुकुमारला सांगू नको. तुला सांगतो, त्यो पोरगा मरंल. सकाळीच गेली म्हणून कसाबसा उभा हाय.”

“नुसतं तुमच्या-माझ्यात ठेवून चालत नाही. सगळ्या गावानं तसंच शिकवलंय. बाकीच्या घरांत आहेत म्हाताऱ्या.”

“मग गुपचूप दुरुस्त कर की. वेग बदलू का मागांचा? पुल्या बदलतो, नव्वदवर आणतो. नुकसान होऊ दे.”

“नव्वदवर आणले तर नव्वदवाला दिसायचा नाही. कुणाचं तरी काळीज असतंच तिथं.”

“मग सुट्टीदिवशी शिकवा परत.”

“मग सोमवारी फळीवरचे डबे माणसं होतात. पाच वेळा ॲम्ब्युलन्स आली की लोक वायर ओढून काढतात, नाहीतर परत माझंच ऐकतात.”

“म्हणजे इलाज नाही म्हण.”

“आहे. जिना चढायचा.”

तात्या हसले नाहीत.

*

प्रश्न : (कंपनीच्या हेल्पलाइनला, रेवतीचा.) ...म्हणून सगळ्या यंत्रमागाच्या गावांत आत्ताच्या आत्ता सूचना द्यायला हवी. कधी देता?

उत्तर : आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. पुढील सुधारित आवृत्तीत तिचा विचार केला जाईल. तोपर्यंत खात्री न झालेली माहिती प्रसारित करू नये, ही विनंती. आणखी काही मदत करू शकतो का?

प्रश्न : (कुणालाच नाही.) गावाला सांगितलं तर सुकुमारला कळणार. नाही सांगितलं तर?

उत्तर : तर पुढच्या कडक उन्हात दुसरी कुणीतरी डबा आपटणार.

प्रश्न : नाव न घेता सांगता येईल?

उत्तर : सुकुमार मूर्ख नाही.

*

तिनं त्याला कार्यक्रमाच्या आधी दुकानात बोलावलं. शटर अर्धं ओढलं. सुकुमारच्या अंगाला कारखान्यातल्या खळीचा वास येत होता. त्याला वाटलं, ती यंत्राचे पैसे द्यायला बोलावतेय.

“पैसे-बिसे नकोत हां.”

“बस. आणि मी सांगून संपवीपर्यंत मधे बोलू नको.”

तिनं सांगितलं. जिना, घड्याळ, हिरवा, करडा, परत हिरवा. पुसलेला पट्टा. तात्यांचं नाव तिनं आधी टाळलं, पण टाळून गोष्ट उभी राहीना. मग डब्याचा आवाजही सांगितला. सांगताना तिचे हात टेबलावरच्या स्क्रू ड्रायव्हरशी खेळत होते, ते तिनं मुद्दाम थांबवले.

सुकुमार बराच वेळ काचेखालच्या त्या पानाकडे बघत होता.

“म्हणजे मी दुपारी बघितलं,” तो म्हणाला, “तवा ती होती.”

“होती.”

“मी जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात फोन.” त्यानं दोन्ही हात समोर धरून दाखवले. “तवाच निघालो असतो तर?”

रेवतीला ठाऊक होतं, हा प्रश्न येणार. वाटेत तिनं उत्तरही तयार करून ठेवलं होतं : सांगता येत नाही, वय झालं होतं, डॉक्टरांनाही जमलं नसतं.

“असं नको,” सुकुमार म्हणाला. तिनं तोंडही उघडलं नव्हतं. “लोकांना सांगतीस तसं सांग. सरळ.”

“त्या आजारात वेळेत नेलं तर माणूस वाचतो,” रेवती म्हणाली. “बहुतेक वेळा वाचतो.”

तो उठला. शटरपाशी गेला, पाठमोरा उभा राहिला. तिला वाटलं, आता हा काचा फोडेल. फोडाव्यात असंही वाटलं.

“चूक माझी आहे, सुकुमार. शिकवायची रीत मी सांगितली.”

“तुझी हायच,” तो तसाच उभा राहून म्हणाला. “तुझी तू बघ. माझी मला बघू दे.” मग वळला. “आज सांगणार?”

“हो.”

“माझं नाव घेऊन सांग. आईचं बी. यंत्राचं नुसतं सांगशील तर लोक म्हणतील, बरं, आणि विसरतील. सुकुमार मगदूमनं ठिपका बघितला आणि भाकरी खाल्ली, असं सांग.”

“लोक तुला सोडणार नाहीत.”

“बसतो मी इथंच.”

*

उत्तर : आज आधी उत्तर आहे, प्रश्न नंतर. मी रेवती हावळ बोलतेय. माग चालू ठेवूनच शिकवा, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते चुकीचं होतं. त्या चुकीनं आक्काताई मगदूम गेल्या. सकाळी नाही गेल्या, दुपारनंतर गेल्या. दुपारपर्यंत तरी त्या जिवंत होत्या आणि यंत्र घर रिकामं म्हणत होतं. त्यांच्या मुलानं, सुकुमारनं, ठिपका बघितला आणि तो गेला नाही. त्यानंच मला हे सांगायला सांगितलंय. करडा ठिपका म्हणजे घर रिकामं नाही. करडा म्हणजे यंत्राला माहीत नाही. जा आणि बघा. विचारा.

प्रश्न : ताई, पण सख्खा मुलगा असून गेला कसा नाही? गावातल्या गावात?

उत्तर : तुमची आई कुठं असते?

प्रश्न : ते सोडा. मी त्याच्याबद्दल विचारतोय.

प्रश्न : फ्लॅट घेतला म्हणे त्यानं. आईला पत्र्यात ठेवून.

उत्तर : तुमच्या फोनवर ठिपका कुठल्या रंगाचा आहे, ते सांगा.

प्रश्न : यंत्रावर ढकलतोय झालं. माणसालाच लाज नको का?

प्रश्न : ताई, सगळं कबूल. पण परत शिकवलं आणि परत खोटी ॲम्ब्युलन्स आली तर तिचं भाडं कोण भरणार?

सुकुमार स्टुलावर बसून सगळं ऐकत होता. रेवतीनं आवाज कमी करायला हात पुढं केला, त्यानं मान हलवली. फोन येतच होते. बहुतेकांना राउटरबद्दल काहीच विचारायचं नव्हतं. सुकुमारला नावं ठेवणं जिना चढण्यापेक्षा सोपं होतं, आणि दर फोनमागे मागाची तीच खडखड ऐकू येत होती.

प्रश्न : हॅलो... ताई? मी गावभागातनं बोलतेय. आमच्या सासूबाई वरच्या मजल्यावर असतात. मघापासनं करडाच दिसतोय. मला वाटलं, भजनाला गेल्या. त्यांना काय... म्हणजे...

“फोन ठेवू नका,” रेवती म्हणाली. “तसाच हातात धरा आणि वर जा.”

“गॅसवर भाजी...”

“गॅस बंद करा. जा.”

खटका. मग जिन्यावर पावलं, आधी चालत, मग पळत. दुकानात कुणी हललं नाही. “आई?” दूरवरून बाईचा आवाज आला. “आई! अहो आई!” दार ढकलल्याचा आवाज. मग काहीच नाही, नुसते माग. सुकुमार उभा राहिला होता.

“काय गं, घर पेटलंय का?” एक चिरका, म्हातारा, वैतागलेला आवाज फोनमधून आला. “आणि चपला घालून आत कशाला आलीस? आत्ता कंबर मोडून फरशी पुसली मी! दम बी खाऊ देत न्हाईस.”

सून बहुधा रडत होती.

“अगं झालं काय? आणि त्यो फोन असा काय धरलायस? कोण हाय त्यावर?”

रेवतीनं सवयीनं पुढचा फोन घ्यायला बोट पुढं केलं. सुकुमारनं तिचं मनगट धरलं.

“ठेवू नको,” तो म्हणाला. “बोलू दे त्यांना.”

तिनं हात मागे घेतला. पुढचे फोन वाजत राहिले. म्हातारी फरशीबद्दल बोलली, खाली अर्धकच्ची राहिलेल्या भाजीबद्दल बोलली, सुनेच्या माहेराबद्दलही बोलली, आणि सुकुमार माइकच्या टेबलावर दोन्ही हात टेकून, डोळे मिटून, ते सगळं ऐकत उभा राहिला.